पोवळ्यांचा मुखवटा: उलानबातरचा जामस्रान

पाऊलवाट

मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये, शहराच्या अगदी मधोमध एक जुनं मंदिर आहे. चहूबाजूंनी काचेच्या उंच इमारती आणि मध्ये हिरव्या कौलांची, कोपरे वर वळलेली छपरं. हे चोइजिन लामाचं मंदिर. १९०४ ते १९०८ या काळात बांधलं गेलं, आता संग्रहालय आहे. तिथल्या एका मुखवट्याबद्दल लिहायचंय. या विषयातली जाणकार मंडळी इथं आहेत, त्यांनी भर घालावी म्हणून धागा काढतेय.

मुखवटा जामस्रानचा आहे. तिबेटी परंपरेत या देवतेला बेग्त्से म्हणतात. युद्धाची देवता, धर्माचा रक्षक. मंगोल लोक त्याला लाल रक्षक म्हणूनही ओळखतात. तिकडच्या बौद्ध मठांत मुखवटे घालून जे विधिनृत्य होतं त्याला 'त्साम' म्हणतात (लडाख-तिबेटात 'छाम'). त्या नाचासाठीचा हा मुखवटा. पुंत्साग-ओसोर नावाच्या कलाकाराने केलेला.

लांबून बघितलं तर वाटतं, लाल रंग फासलाय. जवळ गेलं की कळतं की रंग नाहीच, ती पोवळी आहेत. सहा हजारांहून जास्त. कपाळ, गाल, नाक, हनुवटी, सगळा चेहरा पोवळ्यांनी भरलेला. दाणे एकसारखे नाहीत, त्यांच्या लाल रंगातही फरक आहे. काही गडद, काही जरा गुलाबीकडे झुकणारे. त्यामुळे गालाचा फुगवटा जिवंत वाटतो, कातडीखाली रक्त वाहत असावं तसा. गुळगुळीत रंगाने हे साधलं नसतं.

डोळे तीन. तिसरा कपाळावर, उभा. तिन्ही वटारलेले, खोबणीतून बाहेर आलेले. भुवया सोनेरी, आणि त्या भुवया नाहीतच, ज्वाळा आहेत. मिशीची टोकंसुद्धा ज्वाळांसारखी वर वळलेली. तोंड वासलेलं, सुळे बाहेर. डोक्यावर पाच कवट्यांचा मुकुट. कवट्यांचे चेहरेही कोरडे नाहीत, त्याही दात विचकून बघतात.

मला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं ते त्या तोंडाने. त्सामचे मुखवटे माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी मोठे असतात. नाचणारा लामा मुखवट्याच्या डोळ्यांतून बघत नाही, त्याचे डोळे येतात तोंडाच्या पातळीवर. म्हणजे ज्या जबड्याकडे बघून आपण दचकतो तीच आतल्या माणसाची खिडकी. हे कळल्यावर मी पुन्हा जाऊन वाकून त्या सुळ्यांच्या मागे बघितलं. आत अंधार होता. पण तिथून कोणीतरी बाहेर बघायचं, त्याला समोरचं अंगण दिसायचं, बसलेली माणसं दिसायची, हा विचार आल्यावर तो चेहरा माझ्यावर धावून येतोय असं वाटेनासं झालं. तो माझ्या बाजूने उभा राहून पलीकडे कोणावर तरी डोळे वटारतोय असं वाटायला लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: हा मुखवटा बघणाऱ्याला घाबरवायला केलेलाच नाही. त्याचा राग दुसरीकडे रोखलेला आहे. तो कुणावर, हे समजल्याशिवाय काचेच्या पेटीसमोर 'बाप रे, किती भयंकर' एवढंच म्हणून आपण पुढच्या दालनात जातो.

थोडं मंदिराबद्दल. मंगोलियाचा शेवटचा धर्मराजा, आठवा बोग्द (म्हणजेच बोग्द खान), याचा धाकटा भाऊ लुव्सानखायदाव राज्याचा अधिकृत देववाणी सांगणारा होता. 'चोइजिन' ही त्याची पदवी. आपल्याकडे अंगात येणं म्हणतात तेच, फक्त दरबारी मान्यतेचं. त्याच्या अंगात रक्षक देवता यायच्या आणि राज्याच्या कामात त्याचा शब्द मानला जायचा. त्याच्यासाठी हे मंदिर बांधलं. तेव्हा तिथली सगळी कला रक्षक देवतांभोवती फिरते. भिंतींवर नरकयातनांची चित्रं आहेत, तीही सौम्य नाहीत.

कोणी लडाखमध्ये किंवा सिक्कीममध्ये प्रत्यक्ष छाम पाहिला असेल तर जरूर लिहा.

हिमरेषा

वा. तोंडातून बघण्याचा मुद्दा अगदी खरा.

मी लडाखच्या हेमिस मठात छाम पाहिलाय, त्यावरून लिहिते. हेमिसचा उत्सव तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या गुरू पद्मसंभवांच्या जन्माचा. त्यांची आठ रूपं मिरवत अंगणात येतात, त्यातली काही शांत, काही रौद्र. दोर्जे द्रोलो हे सगळ्यात उग्र. संग्रहालयातला मुखवटा आणि अंगणातला मुखवटा यांत फरक कुठे पडतो ते सांगते.

संग्रहालयात मुखवटा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर स्थिर असतो. अंगणात तो सतत हलत असतो, आणि फार सावकाश हलतो. लोकांना वाटतं रौद्र देवता म्हणजे थयथयाट. तसं नसतं. एक पाय उचलायचा, तो हवेत धरून ठेवायचा, अंग अर्धं वळवायचं, मग पाय टेकवायचा. मागे लांबलचक कर्णे घुमत असतात. आवाज छातीत बसतो, कानात नव्हे. झांजा आणि दांडीचे ढोल. त्या वळण्यात मुखवट्यावरचा उजेड बदलतो. ऊन कपाळावर असताना तो चिडलेला दिसतो, मान खाली गेली की सुळ्यांवर सावली पडते आणि तोच चेहरा दुःखी वाटतो. मुखवट्यात काहीच बदललेलं नसतं.

दुसरं म्हणजे प्रमाण. एवढं मोठं डोकं, रुंद बाह्यांचा जरीचा पायघोळ झगा, खाली जाड तळव्याचे बूट. नाचणारा माणूस माणसाच्या आकाराचा राहत नाही. डोकं मोठं, अंग बुटकं, हात पंखासारखे. नुसता मुखवटा पेटीत ठेवला की हे प्रमाण हरवतं.

आणि नाचणारे हे भिक्षूच असतात. आधी कित्येक दिवस त्या देवतेची साधना, मंत्रजप, ध्यान करतात. नाच करताना 'मी अमुक देवतेचं सोंग घेतलंय' असं मनात आणायचं नसतं, 'मी तीच आहे' असं ध्यान धरायचं असतं. एरवी हे मुखवटे गोन्खांगमध्ये, म्हणजे रक्षक देवतांच्या अंधाऱ्या खोलीत असतात. लेहजवळच्या स्पितुक मठात तर तिथल्या उग्र मूर्तींचे चेहरे वर्षभर कापडाने झाकलेले असतात, फक्त जानेवारीतल्या गुस्तोर उत्सवात उघडतात. उलानबातरला असा उग्र चेहरा संग्रहालयाच्या वेळेत कोणालाही बघता येतो. दोन्हींत काय बरं-वाईट ते ठरवत नाही, पण बघताना हे लक्षात असावं.

सोनचाफा

खूप सुंदर वर्णन. पोवळी मंगोलियात आली कुठून? तिथं तर समुद्रच नाही!

धम्मदीप७१

लेख आवडला. पण मनात आलेलं मोकळेपणाने लिहितो, राग नसावा.

आमच्या घरात धम्म आला तो १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला. माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते. बावीस प्रतिज्ञा लहानपणी पाठ केल्या. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला पाच कवट्यांचा मुकुट घातलेली युद्धाची देवता 'बौद्ध' म्हणून दाखवली की आतून काहीतरी विरोध करतं. बुद्धाने देवतांना शरण जायला सांगितलं नाही. भीतीवर त्याने सांगितलेला उपाय प्रज्ञा आणि करुणा आहे. हा मुखवटा कलाकृती म्हणून थोर असेल, त्यावर माझा आक्षेप नाही. पण याला धम्म म्हणायचं का?

दुसरं, राज्याचा देववाणी सांगणारा, त्याच्यासाठी बांधलेलं मंदिर, हजारो मौल्यवान पोवळी. हे सगळं कोणाच्या पैशातून? मेंढपाळांच्याच ना? त्या काळी मंगोलियातल्या पुरुषांचा केवढा तरी मोठा हिस्सा लामा होता आणि मठांकडे अफाट पशुधन होतं, हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे.

पाऊलवाट

धम्मदीप, राग कसला? हा प्रश्न यायलाच हवा होता. आधी पहिल्या मुद्द्याबद्दल, मला समजलंय तेवढं लिहिते.

पाच कवट्या म्हणजे पाच क्लेश: राग म्हणजे आसक्ती, द्वेष, मोह, मान, ईर्ष्या. वज्रयानात, म्हणजे तिबेट-मंगोलियातल्या तांत्रिक बौद्ध परंपरेत, हे क्लेश मारून टाकायचे नसतात, त्यांचं रूपांतर पाच ज्ञानांत करायचं असतं. मुकुट म्हणून त्या डोक्यावर मिरवायच्या, याचा अर्थ त्यांच्यावर ताबा मिळवलेला आहे. जामस्रानच्या चित्रांत त्याच्या उजव्या हातात तलवार असते, डाव्या हातात शत्रूचं हृदय, अंगावर चिलखत, पायाखाली घोडा आणि माणूस. अक्षरशः घेतलं तर फार क्रूर आहे. पण छामच्या विधीत मध्यभागी पिठाची एक छोटी मानवाकृती ठेवतात आणि नाचाच्या टोकाला तिचे तुकडे करतात. ती कोणा शेजारच्या राजाची नसते. 'मी, माझं' म्हणून आपण जे घट्ट धरून बसतो त्याची ती आकृती. मी वर लिहिलं की मुखवट्याचा राग दुसरीकडे रोखलेला आहे, तो इकडे. आपल्यातल्याच एका गोष्टीवर.

दुसरा मुद्दा मात्र मला खोडता येणार नाही आणि खोडायचाही नाही. बोग्द खान राजा आणि धर्मगुरू दोन्ही होता. ती पोवळी श्रद्धेची आहेत तशीच सत्तेचीही. ती बघताना दोन्ही बघायला हवं.

कोटजाईकाठ

माझं गाव दापोली तालुक्यातलं. म्हणून इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण उग्र बौद्ध देवता फक्त बर्फाच्या देशातल्या असा समज या धाग्यात पक्का व्हायला नको.

कोटजाई नदीच्या काठी पन्हाळे काजीची लेणी आहेत. एकूण २९. सुरुवात हीनयान काळातली, साधी विहारं. पुढे दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास तिथं वज्रयानी साधक राहत होते, आणि त्यांनी महाचंडरोषणाची मूर्ती पुजली. नावातच सगळं आलं. महा, चंड, रोषण. पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी १९७०च्या दशकात ही लेणी उजेडात आणली तेव्हा अभ्यासकांना नवल वाटलं, कारण कोकणात या देवतेचा पंथ होता हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

महाचंडरोषण म्हणजेच अचल. उजव्या हातात खड्ग, डाव्या हातात पाश, ओठ दातांखाली दाबलेला. हाच देव चीनमार्गे जपानला गेला आणि तिथं फुदो म्यो-ओ झाला. आजही जपानात त्याच्यासमोर होम होतात. चेहरा तोच, एक सुळा वर, एक खाली, मागे ज्वाळा. म्हणजे उलानबातरच्या मुखवट्याचा लांबचा भाऊबंद आमच्या नदीकाठी बसलेला होता.

पुढे त्याच लेण्यांत नाथपंथी आले, त्यांनी सिद्धांची शिल्पं कोरली. एकाच डोंगरात हे सगळे थर. पावसाळ्यानंतर जा, नदी भरलेली असते, रस्ता आता बरा आहे. येणारे-जाणारे फारसे नसतात. नीट बघता येतं.

धम्मदीप७१

कोटजाईकाठ, पन्हाळे काजीची माहिती नवीन होती, मनापासून आभार. नक्की जाणार.

पाऊलवाट, पाच क्लेशांचं विवेचन समजलं. विचार म्हणून तो मला पटतोही. पण एक शंका उरते. हा अर्थ साधना केलेल्या भिक्षूला माहीत असतो. अंगणात बसलेल्या म्हातारीला काय दिसतं? तिला एक उग्र देव दिसतो, त्याने आपलं भलं करावं म्हणून ती हात जोडते. अर्थ वरच्या लोकांकडे आणि भीती खालच्या लोकांकडे, अशी वाटणी झाली की धर्मात काय होतं हे आपण या देशात पाहिलंय. म्हणून बाबासाहेबांनी नवा मार्ग आखताना हा सगळा भाग बाजूला ठेवला, आणि ते योग्यच केलं असं मी मानतो.

हिमरेषा

धम्मदीप, तुमच्या शंकेचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. हेमिसच्या अंगणात मी ज्या आजींच्या शेजारी बसले होते त्यांच्याबद्दल मात्र सांगू शकते. सांगाडे नाचायला आले तेव्हा लहान मुलं किंचाळली आणि आजी हसत होत्या. त्यांनी नातवाला मांडीवर घेऊन मोडक्या हिंदीत मला सांगितलं की मेल्यावर मधल्या वाटेत असेच चेहरे भेटतात, इथं दरवर्षी बघून ठेवले की तेव्हा भ्यायला होत नाही. त्यांना पाच ज्ञानांची नावं आली असती असं मला वाटत नाही. पण हा चेहरा कशासाठी आहे ते त्यांना ठाऊक होतं.

बार्दो, म्हणजे मृत्यू आणि पुढचा जन्म यांच्या मधली अवस्था. तिथं आधी शांत आणि मग उग्र देवता दिसतात आणि त्या आपल्याच मनाची रूपं आहेत हे ओळखता आलं तर सुटका होते, अशी तिबेटी शिकवण आहे. छाम हा त्या ओळखपरेडीचा सराव आहे असं तिथले लोक मानतात. भीती वरून खाली टाकलेली नाही, निदान त्या आजींच्या बाबतीत तरी.

धम्मदीप७१

हे वाचून थांबलो. आजींचं म्हणणं लक्षात राहील. माझं मत बदललं असं म्हणणार नाही, पण मुखवट्याकडे बघताना हेही आठवेल.

रत्नपारखी

सोनचाफा यांचा प्रश्न मागे पडलाय, तो घेतो. आमचा धंदाच खड्यांचा, त्यामुळे पोवळ्याबद्दल चार गोष्टी सांगू शकतो.

दागिन्यात वापरतात ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर, नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको म्हणून गाव आहे, पोवळ्याच्या कारागिरीचं माहेरघर. तिबेट आणि मंगोलियात पोवळ्याला फार जुन्या काळापासून मान आहे. माल समुद्रमार्गे आणि खुष्कीने, कित्येक व्यापाऱ्यांच्या हातांतून जायचा. हिंदुस्थानातूनही जायचा. समुद्रापासून जितकं लांब जावं तितकी पोवळ्याची किंमत वाढत जाते. मंगोलियात स्त्रियांच्या शिरोभूषणांत चांदीबरोबर पोवळं असतंच. तिथं एका चेहऱ्यावर सहा हजार दाणे बसवणं म्हणजे केवढी संपत्ती, याचा विचार करा.

पोवळं हा दगड नाही, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा सांगाडा आहे, कॅल्शियम कार्बोनेटचा. म्हणून ते मऊ असतं. घाम, लिंबू, अत्तर लागलं तरी चकाकी जाते. पेटीतला तो मुखवटा इतकी वर्षं तेज राखून असेल तर कोरड्या थंड हवेचा त्यात वाटा आहे. पाऊलवाट यांनी रंगातला फरक टिपलाय, तो अस्सल मालातच दिसतो. रंगवलेली नकली पोवळी एकाच छापाची दिसतात.

आपल्याकडे पोवळं मंगळाचं रत्न, आणि मंगळ म्हणजे सेनापती, तांबडा, युद्धाचा ग्रह. तिथं युद्धदेवतेला पोवळ्याने मढवलंय. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असा दावा करत नाही. लाल रंगाकडे बघून माणसाला दोन्हीकडे सारखंच सुचलं असावं.

मोखाडकर

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा असतो. चैत्र-वैशाखात, रात्री, टेंभ्यांच्या उजेडात. देवांची, राक्षसांची सोंगं निघतात, संबळ वाजतो, सोंग चार पावलं पुढे, चार पावलं मागे नाचत येतं. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मुखवटे पूर्वी लाकडाचे कोरायचे, नंतर कागदाच्या लगद्याचे आले.

बौद्ध छामशी याचा काही संबंध नाही, ते माहीत आहे. पण वर हिमरेषा यांनी लिहिलं की नाचणाऱ्याने 'मी तीच देवता' असं ध्यान धरायचं, ते वाचून आमच्याकडचं आठवलं. सोंग बाहेर पडलं की तो माणूस गावातला कोणी राहत नाही. बायका पुढे येऊन ओवाळतात, म्हातारी माणसं पाया पडतात, ज्याच्या पाया पडतात तो एरवी त्यांचाच पुतण्या असतो. शेवटी महिषासुर आणि जगदंबेचं युद्ध होतं.

हे मुखवटे आता बाहेरचे लोक विकत मागतात, भिंतीवर लावायला. आमच्यातल्या जुन्या माणसांना ते आवडत नाही. भिंतीवर लावलेला महिषासुर बघून पाहुणे 'छान डेकोरेशन' म्हणतात तेव्हा मलाही कसंतरी होतं. संग्रहालयात निदान खाली चार ओळी लिहिलेल्या असतात.

मुखवटा तयार कसा करतात याबद्दल कोणी लिहील का? तिबेटी पद्धत कशी आहे?

हिमरेषा

मोखाडकर, मला पाहायला मिळालंय ते सांगते. एक पद्धत लाकूड कोरायची, त्यावर रंग आणि रोगण. दुसरी, जी हलकी पडते: आधी मातीचा चेहरा घडवायचा, वाळू द्यायचा. मग त्यावर खळीत किंवा सरसात भिजवलेले कागदाचे किंवा सुती कापडाचे तुकडे एकावर एक चिकटवत जायचं. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. घाई केली तर आत ओल राहते आणि पुढे थर सुटतात. पुरेसे थर झाले की आतली माती फोडून काढायची. कडक, पोकळ चेहरा हातात राहतो. त्यावर मातीचा बारीक लेप देऊन गुळगुळीत करायचं, आणि मग रंग. डोळ्यांची बुबुळं शेवटी.

वजन फार महत्त्वाचं. नाचणाऱ्याला तो डोक्यावर घेऊन तासन्‌तास वळायचं असतं. आत डोक्यावर आणि हनुवटीखाली कापडाच्या गाद्या देतात, बांधायला पट्ट्या असतात. पोवळ्यांचा मुखवटा त्या मानाने किती जड असेल! तो घालून नाचणाऱ्याची मान कशी असेल याची कल्पना करून बघा.

सोनचाफा

पोवळ्याबद्दल धन्यवाद! आता आणखी एक विचारते. हा देव मुळात बौद्धच होता की नंतर घेतला?

पाऊलवाट

कथा अशी सांगतात. तिसरे दलाई लामा, सोनाम ग्यात्सो, मंगोल राजा आल्तान खानाच्या बोलावण्यावरून निघाले. त्यांची भेट १५७८ मध्ये झाली, आणि 'दलाई' ही पदवी तिथंच दिली गेली. वाटेत बेग्त्सेने उंट, घोडे अशा प्राण्यांच्या रूपातली भुतांची फौज घेऊन रस्ता अडवला. सोनाम ग्यात्सोंनी अवलोकितेश्वराचं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं, रूप घेतलं. ते बघून बेग्त्से नमला आणि धर्माचा रक्षक झाला.

अभ्यासक सांगतात की तिबेटात या देवतेची साधना त्याआधीपासून होती, म्हणजे ती मंगोलियात जन्मलेली नाही. पण मंगोल लोकांनी ही कथा का जपली ते कळतं. आपला जुना, रागीट, स्वतंत्र स्वभाव टाकून न देता नव्या धर्मात नेला, अशी ती गोष्ट आहे. पद्मसंभवांबद्दलही हेच सांगतात. आठव्या शतकात तिबेटात साम्ये मठ बांधताना जमिनीतली भुतं त्रास देत होती, तेव्हा त्यांनी नाच करून त्यांना वश केलं, आणि तोच पहिला छाम. भुतांना हाकलून दिलं असं कुठंही म्हणत नाहीत. त्यांना कामाला लावलं. या मुखवट्यांच्या उग्रपणाचं मूळ मला तिथं दिसतं.

आणि फक्त उग्रच असतात असं नाही हं! मंगोल त्साममध्ये पांढरा म्हातारा असतो, त्सागान उव्गुन. पांढरी दाढी, टक्कल, हसरा गुलाबी चेहरा. तो मध्येच येऊन प्रेक्षकांत शिरतो, तपकीर ओढतो, झोकांड्या खातो, मुलांना हसवतो. १९०४ मध्ये ब्रिटिश फौज ल्हासात शिरली तेव्हा तेरावे दलाई लामा उर्ग्याला, म्हणजे आजच्या उलानबातरला, येऊन राहिले होते. या म्हाताऱ्याला तिबेटी छाममध्ये त्यांनी नेलं असं मानतात. गरुडाचा मुखवटाही असतो, तो शहराच्या दक्षिणेकडच्या बोग्द खान डोंगराचा अधिपती.

इंद्रायणीकाठ

धागा वाचनखुणेत टाकला. तिथं अजून हा नाच होतो का? की फक्त काचेत?

पाऊलवाट

होतो, पण मध्ये फार मोठी खाच आहे.

उर्ग्याच्या मठात त्साम १८११ मध्ये सुरू झाला, चौथ्या बोग्दच्या काळात. पुढे दरवर्षी उन्हाळ्यात. १९३७ पासून साम्यवादी नेता चोइबाल्सान याच्या राजवटीत जे दमन झालं त्यात हजारो लामांना गोळ्या घालून मारलं, शेकडो मठ पाडले. मुखवटे जाळले गेले, धातूच्या मूर्ती वितळवल्या गेल्या. नाच थांबला. चोइजिन लामाचं मंदिर वाचलं कारण जुन्या 'सरंजामी' धर्माचा नमुना म्हणून लोकांना दाखवायला ते ठेवलं गेलं, १९४२ मध्ये संग्रहालय झालं. ज्यांना हा धर्म संपवायचा होता त्यांनीच हे मुखवटे टिकवले, निंदेसाठी का होईना.

धम्मदीप यांनी पैशांचा मुद्दा काढला होता. १९३७ च्या कारवाईचं समर्थन करणारे हाच मुद्दा सांगायचे. मठ श्रीमंत होते हे खरं. आणि ज्यांना मारलं त्यांत बहुतेक साधे, गरीब लामा होते हेही खरं. ती पोवळी बघताना माझ्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकदम येत होत्या.

१९९० नंतर धर्माचरणाला मोकळीक मिळाली. काही म्हातारे लामा हयात होते, त्यांनी लहानपणी पाहिलेलं आठवून सांगितलं, जुनी चित्रं आणि पोथ्या होत्या. त्यावरून राजधानीतल्या दाशचोइलिन मठाने ख्युरे त्साम (ख्युरे म्हणजे उर्गाच) पुन्हा उभा केला. नवे मुखवटे केले. पावलं जशीच्या तशी आहेत का, हे तिथले लामाही ठामपणे सांगत नाहीत. पण तरुण भिक्षू ती शिकतायत. पर्यटकांसाठी रंगमंचावर होणारे छोटे कार्यक्रम वेगळे. तेही पाहण्यासारखे आहेत, पण तिथं विधी नसतो.

धम्मदीप७१

१९३७ बद्दल लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या मुद्द्याचा असा वापर कोणी केला असेल तर तो मला मान्य नाही. माणसं मारून कोणताही धर्म सुधारत नाही.

इंद्रायणीकाठ

उलानबातर काही जमणार नाही, पण पुढच्या वर्षी लडाखला जायचं नक्की आहे. छाम बघायचा तर कधी जावं? आई-बाबा बरोबर असतील, दोघंही सत्तरीचे.

हिमरेषा

हेमिसचा उत्सव तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या दशमी-एकादशीला, म्हणजे साधारण जून-जुलै. नेमकी तारीख दरवर्षी बदलते, ती बघूनच तिकिटं काढा. बारा वर्षांतून एकदा, माकडाच्या वर्षी, तिथला मोठा थांका, म्हणजे कापडावरचं धार्मिक चित्र, उघडतात. मागचा २०१६ ला झाला, पुढचा २०२८ ला. तो बघायचा असेल तर तयारी आतापासून करा, गर्दी प्रचंड असते. थिकसे मठाचा गुस्तोर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, गर्दी कमी. स्पितुकचा जानेवारीत, पण त्या थंडीत आई-बाबांना नेऊ नका.

लेहला उतरल्यावर निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती, कुठंही जायचं नाही. हा नियम तरुणांनाही लागू आहे. डॉक्टरांना आधी दाखवून या. उत्सवाच्या दिवशी सकाळी लवकर पोचा, भिंतीच्या सावलीतली जागा धरा. बसायला जाड चादर, डोक्याला टोपी, भरपूर पाणी. नाच दिवसभर चालतो, मधूनच उठून पाय मोकळे करून यायला काही हरकत नसते, स्थानिक लोकही तेच करतात.

फोटो काढा, पण नाचणाऱ्यांच्या वाटेत शिरू नका आणि फ्लॅश मारू नका. मुखवट्याच्या तोंडातून बघणाऱ्याला समोरची एवढीशी पट्टी दिसते, बाजूचं काहीच दिसत नाही. धक्का लागला तर तो पडतो. एका वर्षी असं होताना पाहिलंय, कॅमेरा घेऊन मागे मागे सरकणारा पर्यटक थेट अंगावर गेला. भिक्षू सावरला, पण मुखवट्याचा कान तुटला.

इंद्रायणीकाठ

अगदी हवी होती ती माहिती. आईला वाचून दाखवली. ती म्हणते आधी पन्हाळे काजी करू, ते जवळ आहे. कोटजाईकाठ, दापोलीहून गाडी लेण्यांपर्यंत जाते का, आणि पायऱ्या किती आहेत?

कोटजाईकाठ

गाडी बरीच जवळ जाते. शेवटचं थोडं अंतर चालावं लागतं, उतार आहे, हळू उतरलं तर आई-बाबांना जमेल. दिवाळीनंतर या. तोवर गवत वाळतं आणि वाट स्पष्ट दिसते. विजेरी आणा, आतल्या लेण्यांत उजेड कमी असतो आणि महाचंडरोषण बाजूने प्रकाश टाकल्याशिवाय नीट दिसत नाही, दगड झिजलाय. समोरून टाकलात तर नुसता उंचवटा दिसेल. येण्याआधी इथंच निरोप टाका, गावात असलो तर मी बरोबर येईन.